करंगळीची खाच

आमच्याकडे गाडी कधीच येत नाही, नुसतं स्टिअरिंग येतं. कुणी टॉवेलात गुंडाळून आणतं, कुणी उशीच्या अभ्र्यात. एकाने तर बाळाच्या दुपट्यात आणलं होतं आणि जाताना ते दुपटं दारात तीनदा झटकून घडी करून नेलं. जुन्या गाड्यांची स्टिअरिंगं दुरुस्त करणं हा बाबांचा धंदा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाड्यांची ती मोठाली, बारीक कडेची चाकं. आत लोखंडी कडी, वर कडक प्लास्टिकचा थर. उन्हात लोखंड एका मापाने फुगतं, प्लास्टिक दुसऱ्या, आणि आरे जिथे कडेला मिळतात तिथे नेमकी चीर पडते. ती चीर आधी मुद्दाम रुंद करायची, मग तिच्यात पुट्टी भरायची, घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. शेवटी प्रायमर, रंग, पॉलिश. चाक हातात घेणाऱ्याला चीर कुठे होती ते सापडता कामा नये. सापडली तर बाबा चाक त्याच्या हातून काढून घेतात आणि आणखी आठ दिवस देत नाहीत.

मी रसायनशास्त्राची पदवी काय पुट्टी कालवायला घेतली का, असं आत्या वर्षातून दोनदा तरी विचारते. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मी चौदा महिन्यांची असताना आई तापाचं निमित्त होऊन गेली, तेव्हापासून मला आत्यानेच वाढवलं. आता माझी मुलगीही तिच्याच मांडीवर आहे. मुलगी नऊ महिन्यांची. सगळे तिला मुंगी म्हणतात, कारण जमिनीवर पडलेला कणसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नाही आणि सापडला की थेट तोंडात.

वर घर, खाली वर्कशॉप. वर्कशॉपच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, कपाट, गिऱ्हाइकांच्या खुर्च्या. मागच्या खोलीत पुट्टी, रंग आणि धूळ. मधल्या दाराच्या फटींना मी रबराच्या पट्ट्या लावल्यात. मागून पुढे येताना कपडे बदलायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे, केस झटकायचे, मगच मुंगीला घ्यायचं. बाबांनाही हाच नियम. "स्वतःच्या दुकानात ऑपरेशन थिएटरमध्ये आल्यासारखं वाटतं," ते म्हणतात, पण हात धुतात. पुट्टीच्या प्रत्येक डब्यावरचा बारीक मजकूर मी वाचलेला आहे. नवरा आठवड्यातले चार दिवस कामासाठी बाहेरगावी असतो. फोनवर त्याचं पहिलं वाक्य "मुंगी कशी आहे?" नसतं. "आज काय वाचलंस?" असं असतं, कारण काहीतरी भयंकर वाचल्याशिवाय माझा दिवस जात नाही.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं बाई," आत्या म्हणते. "पोरं आपली वाढायची."

माझ्या आईच्या वेळी काय होतं, हे आत्याला कसं विचारणार? तिलाही नीट ठाऊक नाही. ती तेव्हा दुसऱ्या गावी असायची. बाबांना ठाऊक आहे, पण बाबा फक्त चाकांबद्दल बोलतात. आईचे तीन फोटो आहेत. एकात तिचे हात पाठीमागे आहेत. दुसऱ्यात मला गुंडाळलेल्या शालीखाली. तिसरा फोटो कुणीतरी चौकटीत बसावा म्हणून खालून कापलेला आहे. तिचा चेहरा मला पाठ आहे. हात मी कधी पाहिलेच नाहीत.

तर त्या सोमवारी जे गृहस्थ आले त्यांनी दोन चाकं आणली होती. एक टॉवेलात, एक खोक्यात. गृहस्थ अडुसष्ट-सत्तरचे, आयुष्यभर जमिनी मोजण्याच्या खात्यात काढलेले. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी मिलिमीटर मोजायचा व्हर्नियर. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी टेबल हलतंय का ते पाहिलं. ते गेल्यावर बाबांनी त्यांचं नाव मिलिमीटरसाहेब ठेवलं, आणि ते तसंच पडलं.

टॉवेलातलं चाक हस्तिदंती रंगाचं होतं. तीन आरे, तिन्हींच्या टोकाला चिरा, कडेवर एका जागी थर सुटून लोखंड दिसत होतं. आमच्या मानाने सोपं काम.

"चिरा तर आहेतच," साहेब म्हणाले, "पण माझं खरं दुखणं मागे आहे. मागून बघा."

जुन्या चाकांच्या कडेला मागच्या बाजूने बोटं बसायला खाचा असतात. डाव्या हाताला चार, उजव्या हाताला चार. साहेबांनी व्हर्नियर काढला.

"हे खोक्यातलं चाक. अस्सल, कारखान्यातून आलं तसं. मित्राच्या गाडीचं, पंधरा दिवसांच्या बोलीवर आणलंय. यातल्या खाचा बघा, चोवीस मिलिमीटरवर एक. आता माझ्या चाकातल्या." त्यांनी जबडा लावला. "एकोणीस! आठही खाचा एकोणीसवर. म्हणजे कुणीतरी मागाहून बसवल्यात. आणि डावीकडची चौथी, करंगळीची, ती तर नावालाच आहे. अर्धीमुर्धी, एका बाजूला फरफटलेली. कुणा धांदरटाने केलंय कोण जाणे. घाई झाली असेल बेट्याला."

बाबांनी चाक हातात घेतलं. कामाचं चाक ते आधी डोळ्यांनी न पाहता बोटांनी बघतात. त्यांचा अंगठा मागच्या बाजूने सरकत गेला, पहिली खाच, दुसरी, तिसरी, आणि चौथीवर थांबला. मी माणसांच्या थांबण्याकडे फार बघते. मुंगी झाल्यापासून तर तेच एक काम आहे.

"मी केलंय," बाबा म्हणाले.

साहेबांचा चेहरा पडला. "अहो, म्हणजे... मला तसं म्हणायचं नव्हतं."

"एकतीस वर्षं झाली. तेव्हाचे मालक वेगळे होते. नमुना नव्हता माझ्याकडे." बाबांनी चाक टॉवेलावर ठेवलं. "चुकलंच आहे. करून देऊ. जुन्या खाचा घासून काढाव्या लागतील, मग या चाकाचा साचा घेऊन नव्या ओतू. पुढच्या शनिवारी या."

साहेब गेल्यावर मी विचारलं, "बाबा, तुमची आणि पाच मिलिमीटरची चूक?"

"नमुना नसला की हात घ्यायचा. ओल्या पुट्टीवर पातळ प्लास्टिक टाकायचं आणि हाताने धरायला लावायचं, पुट्टी घट्ट होईपर्यंत. अजूनही तसंच करतो की."

ते खरं होतं. मीही दोनदा धरलं होतं. "मग तेव्हा कुणाचा हात घेतला?"

"घरातलाच," बाबा म्हणाले आणि हात धुवायला गेले. हात स्वच्छ होते.

आत्या मुंगीला कडेवर घेऊन जिन्यावरून सगळं ऐकत होती. "घरातलाच म्हणे! घरात होतं कोण तेव्हा? हा आणि तुझी आई. याचे पंजे म्हणजे फावडी, ते काय एकोणीसवर बसणारेत? तुझ्या आईचा हात आहे तो."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? बांगड्या भरायला बसली की कासारीण सगळ्यात लहान माप काढायची. मुंगीचे हात तिच्यावरच जाणार बघ. तुझे गेले बापावर."

आत्याने मुंगीला पुढे केलं, पण मी तिला घेतलंच नाही. उलट मागच्या खोलीत गेले, दार लावलं आणि चाक उचललं. चार बोटं मागे नेली. माझी तर्जनी पहिल्या खाचेत बसली, पण मधलं बोट दुसरीच्या उंचवट्यावर आलं, तिसरं तिसरीच्या काठावर, आणि करंगळी चौथीच्या पलीकडे मोकळ्या जागेवर. बोटं जवळ ओढून पाहिली, तर दोन बसायची आणि दोन बाहेर. मी बोटं काढली आणि एकेक खाच नुसती चाचपली. तर्जनीची खोल होती. तिथे तिने जोर दिला होता. रंगाच्या आणि पॉलिशच्या खाली, एकतीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारी माझी आई एवढ्या जोराने काहीतरी धरून उभी होती.

या शनिवारच्या आत मला हे घासून काढायचं होतं. घासणं माझंच काम. बाबांच्या खांद्याचं दुखणं सुरू झाल्यापासून ग्राइंडर मी चालवते.

मंगळवारी मी चिरा रुंद केल्या. बुधवारी त्या भरल्या. खोक्यातल्या अस्सल चाकाचा सिलिकॉनचा साचा घेतला. गुरुवारी आऱ्यांना प्रायमर मारला, जो खरं तर सगळं घासून झाल्यावर मारायचा असतो. बाबांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत, याचाच अर्थ त्यांना सगळं कळलं होतं.

आईच्या खाचांचाही ठसा घेऊन झाला. एवढं आलंच होतं माझ्या डोक्यात. उजवीकडच्या चार खाचांतच पांढरं प्लास्टर कालवून ओतलं, सुकल्यावर काढलं. हातात चार फुगीर, गुळगुळीत तुकडे आले. बोटं नव्हती ती. बोटांखालची जागा भरून आलेली, बिनसांध्याची, बिननखांची.

"हे काय, शेंगा?" आत्याने विचारलं. "मुंगीला खेळायला? तोंडात घालेल हं."

मी ते कपाटात वर ठेवून दिले.

त्या दिवशी जेवताना मी सरळच विचारलं, "बाबा, आई कशी धरायची?"

"काय धरायची?"

"काहीही. चाक. पेला. मला."

बाबांनी पाणी प्यायलं. "धरायची म्हणजे? धरतात तशीच की."

"अरे, सांग ना तिला दोन शब्द!" आत्या म्हणाली. "तोंड आहे की कुलूप?"

"जेवू द्या," बाबा म्हणाले.

शुक्रवारी मी मिलिमीटरसाहेबांना फोन केला आणि कामात एक शंका आहे म्हणाले. ते तासाभरात आले. मी मनाशी सगळं जुळवून ठेवलं होतं. जुन्या गाड्यांची प्रदर्शनं असतात, तिथे परीक्षक गुण देतात, प्रत्येक बारीकसारीक गोष्टीचे गुण. साहेबांना ते गुण हवे असणार. खाचा मागच्या बाजूला असतात, त्या कोण बघतो, असं मी त्यांना पटवून देणार होते. वाटलं तर चिरांचं काम आणखी सुबक करून देईन. डाव्या बाजूच्या चार तरी राहू देत.

"साहेब, या खाचा आहेत तशाच ठेवल्या तर?" मी विचारलं. "परीक्षक मागे कुठे हात घालतात?"

"कसले परीक्षक?"

"प्रदर्शनातले."

"मी कशाला प्रदर्शनात जातोय ताई, या वयात?" ते हसले. "माझी सून म्हणते, मीच प्रदर्शन आहे. अहो, ही गाडी माझ्या वडिलांची. मी अकरा वर्षांचा असताना त्यांनी ती विकली. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. गाडीचा माग काढता काढता माझी उमर गेली. चार हात फिरून सापडली, तीही एका गोदामात, वर कोंबड्या बसलेल्या."

त्यांनी खोक्यातलं अस्सल चाक उचललं आणि बोटं मागे नेली.

"मला ते मांडीवर घ्यायचे. मी समोरून धरायचो आणि ते मागून हात लावायचे. माझे हात एवढेसे. त्यांच्या एका खाचेत माझी दोन बोटं जायची. दोन बोटं, आणि वर जागा उरायची. गाडी सापडली तेव्हा मी आधी स्टिअरिंगला हात घातला. मोठा झालोय, आता एकच बोट जाईल, असं मनात होतं. तर बोटच बसेना. मला वाटलं, मी चुकीची गाडी आणली. दोन दिवस जेवण गेलं नाही. मग मित्राच्या गाडीचं मोजून पाहिलं तेव्हा जीव भांड्यात पडला." त्यांनी चाक खाली ठेवलं. "का हो? काही अडचण आहे का?"

मुंगी टेबलाच्या पायाला धरून उभी राहायच्या खटपटीत होती. मी तिच्याकडे बघत राहिले.

"नाही," मी म्हणाले. "मजबुतीच्या दृष्टीने विचारलं."

"मजबूत तर तुम्ही करालच," ते म्हणाले आणि मुंगीला म्हणाले, "काय गं, तुझ्या आजोबांच्या हाती सोपवलंय म्हटल्यावर?"

ते गेले. मग दुपारचं जेवण झालं, मुंगी झोपली, आत्या तिच्याजवळ आडवी झाली. मी जिन्यात थांबून मुंगीचं पोट वरखाली होतंय ना ते पाहिलं आणि खाली आले. मागच्या खोलीत बाबा आधीच होते. चाक त्यांनी स्टँडवर चढवून मागची बाजू वर केली होती.

"मी करू का?" त्यांनी विचारलं.

"तुमचा खांदा."

"एवढं जमेल."

"नको. मीच करते."

दोघांनी मास्क लावले. चाक हलू नये म्हणून बाबांनी समोरून दोन्ही हातांनी धरलं. मी ग्राइंडर चालू केला.

उजव्या बाजूपासून सुरुवात केली. आधी हस्तिदंती रंग गेला, मग प्रायमरचा करडा थर, मग पिवळट पुट्टी उडायला लागली. एकतीस वर्षांपूर्वीची बाबांनी कालवलेली पुट्टी, अजूनही तिला तो आंबूस वास होता. पहिली खाच गेली. दुसरी, तिसरी. मी दात आवळून हात स्थिर ठेवत होते. उजवीकडच्या चारही खाचा जायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कामाचं म्हणाल तर फार चांगलं झालं.

डावीकडे वळताना मी वर पाहिलं. बाबांचा मास्क हलत होता.

श्वासाने मास्क हलतो तो वेगळा. आत, बाहेर, आत, बाहेर. हा तसा नव्हता. मधेच दोनदा लागोपाठ फुगत होता, मधेच थांबत होता, मग लांबच लांब. ते बोलत होते. ग्राइंडरच्या त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, डोळे चाकावर ठेवून, बाबा बोलत होते. केव्हापासून कोण जाणे. उजवी बाजू सगळी तशीच बोलण्यात गेली असेल, आणि मी एक अक्षर ऐकलं नव्हतं.

मी मशीन बंद केलं. मास्क थांबला.

"काय म्हणालात?"

"कुठे काय? चालू दे."

मी मशीन चालू केलं. थोडा वेळ काही नाही. मग मास्क पुन्हा हलायला लागला. बंद केलं, थांबला.

मी ग्राइंडरची वायर काढली.

"गरम झालंय," मी म्हणाले. "डावी बाजू हातानेच घासते."

"हाताने? संध्याकाळ होईल."

"होऊ दे."

बाबांनी ग्राइंडरला हात लावून पाहिला असता तर गरम नाही हे कळलं असतं. त्यांनी लावला नाही. मी लाकडी ठोकळ्याला ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळला आणि पहिल्या खाचेवर ठेवला. खर्र, खर्र. खोलीत एवढाच आवाज. मी वर बघायचं नाही असं ठरवलं. मुंगी पावलं टाकायला बघते तेव्हाही मी असंच करते. बघितलं की ती मटकन खाली बसते.

पहिल्या खाचेचा काठ निम्मा उतरला तेव्हा बाबा चाकाला म्हणाले, "तेव्हाची पुट्टी वीस मिनिटं घ्यायची."

खर्र, खर्र.

"मी तिला सांगितलं, वीस मिनिटं हलायचं नाही. उजवा हात झाला, छान झाला. मग डावा. तू इथेच होतीस. म्हणजे इथे नाही, बाहेर अंगणात. पुट्टीचा डबा उघडा असला की तुला खोलीत आणू द्यायची नाही ती. मलाच अंगणात पिटाळलं होतं एकदा. छत्रीखाली बसून चाकं घासायचो मी उन्हात. शेजारी विचारायचे, बायकोने घराबाहेर काढलं का?"

माझा हात थांबायला आला होता. मी थांबू दिला नाही.

"डबा उघडा असताना?" मी अगदी हळू विचारलं.

"मग! डब्यावरचं वाचायची ना. भिंग घेऊन. तेवढं कुणी वाचत नाही." खर्र, खर्र. "तर तू बाहेर खोक्यात झोपलेली. स्टिअरिंगचंच खोकं. बारा मिनिटं झाली आणि तू रडायला लागलीस. मी म्हटलं, रडू दे, आठच मिनिटं राहिलीत. तिने धरून ठेवलं. बरंच धरलं. बोटं पांढरी झाली होती. मग तुझं रडणं बदललं. मला नाही कळलं काय बदललं. तिला कळलं. आधी करंगळी उचलली तिने, मग धाडकन हातच काढला आणि पळाली."

पहिली खाच गेली होती. मी दुसरीवर आले.

"काय झालं होतं मला?"

"काही नाही. मुंगळा चावला होता पायाला. पण मी ओरडलो. असला ओरडलो. त्या वेळी ती पुट्टी मिळायची मारामार. ती आली आत, तू कडेवर, प्लास्टिक फाटून तिचे हात पुट्टीने बरबटलेले, तुझ्या झबल्याला पुट्टी. मला म्हणाली, 'ओरडता काय? तुमचं चाक काय पळून जातंय?'"

बाबा हसले. मास्कमध्ये हसलं की भाता दाबल्यासारखा आवाज होतो.

"म्हटलं, उद्या ती एक खाच नीट करू. तर सकाळीच मालक दारात. रंग बाहेर लावून घेतो म्हणाला आणि घेऊन गेला. तेव्हापासून एकही चाक मी डोळ्यांनी बघून घेत नाही. आलं की आधी मागे हात घालतो. आज येईल, उद्या येईल."

एकतीस वर्षं मला वाटत होतं, ही त्यांची कामाची पद्धत आहे. मी इतरांनाही तसंच सांगायचे.

दुसरी खाच जरा लवकर गेली. मी ऐंशी नंबर सोडून एकशेवीस घेतला. तो सावकाश खातो. बाबांनी पाहिलं. ते चाक धरून राहिले आणि बोलत राहिले. ती पेला वरून धरायची, काठाला, पाच बोटांनी, आणि चहा गरम लागला की पेल्यालाच रागवायची. तिला गाडी येत नव्हती, पण दुरुस्त झालेलं प्रत्येक चाक हातात घेऊन ती या स्टुलावर बसायची आणि बाबांना विचारायची, कुठे सोडू? बाबा कुठलंही गाव सांगायचे. मला घेताना तिची बोटं पसरलेली असायची, मानेखाली दोन आणि पाठीला दोन. जणू एक जरी कमी पडलं तरी मी सांडेन. मी तिसऱ्या खाचेवर होते. प्रत्येक गोष्टीबरोबर पिवळी भुकटी टेबलावर पडत होती, आणि मला ती पुसता येत नव्हती, कारण पुसायला थांबलं असतं तर बाबाही थांबले असते.

चौथ्या खाचेत घासायला होतंच काय? आठ वेळा कागद फिरवला आणि ती गेली. अंगठा फिरवून पाहिला. सपाट. डावीकडची कड एकसारखी झाली होती. उद्या साचा लावून चोवीसवरच्या खाचा ओतायच्या, रंग, पॉलिश, आणि पुढच्या शनिवारी साहेबांच्या बोटांना त्यांची जागा मिळेल. मिळायलाच हवी.

बाबा बोलायचे थांबले. त्यांनी चाकावरचा एक हात काढला आणि मास्ककडे नेला.

मी चारशे नंबरचा कागद घेतला, पाण्यात बुडवला आणि जिथे चौथी खाच होती तिथे जोर न लावता फिरवायला लागले.

"इथे थोडं राहिलंय," मी म्हणाले.

बाबांनी अंगठा पुढे केला आणि त्या जागेवरून फिरवला. एकदा, मग उलट बाजूने. चीर सापडली तर गिऱ्हाइकाच्या हातून चाक काढून घेणारा माणूस. तिथे काहीही राहिलं नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "राहिलंय थोडं." त्यांनी चाक दोन्ही हातांनी पुन्हा घट्ट धरलं. "तर काय सांगत होतो, तिला शिटी वाजवता यायची."